शिक्षक आई-वडिलांची सेवानिवृत्ती : घरातल्यांनी करायची तयारी

माझी आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत छत्तीस वर्षे शिकवून ३१ मे २०२४ रोजी सेवानिवृत्त झाली. तिच्या कागदपत्रांचे काम घरातून मी पाहिले. त्यातले जे वेळेवर केले त्याचा फार उपयोग झाला आणि जे उशिरा सुचले त्याने आम्हाला आठ महिने ताटकळत ठेवले. ज्यांचे आई किंवा वडील येत्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार आहेत, अशा मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. माझी माहिती मुख्यतः जिल्हा परिषद शिक्षकांची आहे. खासगी अनुदानित माध्यमिक शाळांत निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे आणि तेथून मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातो, तर जिल्हा परिषदेत तो पंचायत समितीतून जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाकडे जातो. टेबले वेगळी असली तरी कागद बहुतांशी तेच असतात. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू आहे आणि तिचे हिशेब निराळे आहेत. येथे लिहिलेले सर्व जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील शिक्षकांविषयी आहे.

तारीख आधी नीट पाहून घ्या

शिक्षकांचे निवृत्तीचे वय ५८ वर्षे आहे आणि ज्या महिन्यात ते पूर्ण होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती होते. मात्र जन्मतारीख महिन्याची १ असेल, तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस हा निवृत्तीचा दिवस ठरतो. हा अपवाद आपल्याकडे अपवाद राहिलेला नाही, कारण त्या पिढीतील असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. पूर्वी मूल शाळेत घालायला आणले की गुरुजी वय बसेल असे वर्ष धरून १ जून लिहून टाकत. माझी आजी सांगे की आईचा जन्म नागपंचमीच्या आदल्या आठवड्यातला आहे, परंतु शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून १९६६ लागले आणि तेच पुढे सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकात, आले. सेवेत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला नसेल, तर जन्मतारखेची ही नोंद बदलून मिळत नाही. त्यामुळे त्या वादात निवृत्तीच्या तोंडावर वेळ घालवू नये.

या तारखेचा पैशांशीही संबंध आहे. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना १ जुलैची वेतनवाढ काल्पनिकरीत्या धरून निवृत्तिवेतन मिळावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ मधील निकालानंतर मार्गी लागला. आपल्या घरातील व्यक्ती ३० जूनला निवृत्त होणार असेल, तर प्रस्तावात ही वेतनवाढ धरली आहे का, हे स्वतः तपासा. ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांना मात्र हा लाभ मिळत नाही.

सेवापुस्तक सोबत बसून वाचा

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हा आहे की निवृत्तीच्या निदान दोन वर्षे आधी आई किंवा वडिलांबरोबर बसून त्यांचे सेवापुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे. मूळ सेवापुस्तक पंचायत समितीच्या शिक्षण विभागात असते आणि दुय्यम सेवापुस्तक कर्मचाऱ्याकडे असावे, असे अपेक्षित आहे. पुष्कळ शिक्षकांकडे दुय्यम प्रत असते, पण ती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या नोंदींवर थांबलेली असते. आईची प्रत २००९ च्या वेतननिश्चितीवर थांबली होती. रीतसर अर्ज करून मूळ पुस्तकाच्या सर्व पानांच्या छायाप्रती मागून घ्या, त्या एका फाइलीत क्रमाने लावा आणि दोन-तीन रविवार या वाचनासाठी राखून ठेवा.

आम्ही वाचायला बसलो तेव्हा पहिल्या पानावर आईच्या डाव्या हाताच्या बोटांचे फिकट झालेले ठसे होते, 'उजव्या भुवईवर तीळ' अशी ओळखखूण होती आणि नाव माहेरचे होते. लग्नानंतर नाव बदलल्याची नोंद चौथ्या पानावर होती, परंतु तिला राजपत्राचा आधार जोडलेला नव्हता. आधार कार्डावर, पॅन कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर तिचे नाव तीन प्रकारे लिहिलेले निघाले. स्त्री शिक्षकांच्या बाबतीत ही अडचण नेहमीची आहे. नावातील बदलाचे राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि तिन्ही ठिकाणची दुरुस्ती यांना सहज काही महिने लागतात, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

त्यानंतर सेवा पडताळणीच्या नोंदी पाहाव्यात. दरवर्षी 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची सेवा वेतन देयकांवरून पडताळली' असा शेरा आणि त्याखाली अधिकाऱ्याची सही व शिक्का असला पाहिजे. एका शेऱ्याची शेवटची तारीख आणि पुढच्या शेऱ्याची पहिली तारीख जुळते का, हे कागदावर लिहून काढल्याशिवाय कळत नाही. खाडे बहुधा बदलीच्या वर्षी पडतात, कारण जुन्या तालुक्याला वाटते की नवा तालुका नोंद घेईल आणि नव्या तालुक्याला वाटते की ती घेऊनच पुस्तक आले आहे. आईची १९९४ मध्ये तालुक्याबाहेर बदली झाली होती आणि त्या वर्षातील साडेसात महिन्यांची पडताळणी कोणीच केलेली नव्हती. त्या काळातील वेतन देयके कार्यालयात सापडेनात. शेवटी आई आणि मी तिच्या जुन्या गावच्या शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांनी मोठ्या आस्थेने लोखंडी कपाटातून १९९४ चे शिक्षक हजेरीपट काढून दिले. कोपरे वाळवीने खाल्लेल्या त्या मस्टरवर महिन्यामागून महिना आईची सही होती. त्याच्या साक्षांकित प्रतीवर पडताळणी झाली. हेच काम निवृत्तीनंतर करावे लागले असते, तर तोपर्यंत ते कपाट रिकामे झाले नसते कशावरून?

वेतनवाढी आणि वेतनश्रेणी यांच्या नोंदी हा तिसरा भाग आहे आणि वसुली निघते ती येथूनच. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, जिला शिक्षक अजूनही 'चट्टोपाध्याय' म्हणतात, ती कोणत्या आदेशाने मिळाली, चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी मिळाली का, त्यासाठीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडले आहे का, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीची प्रत्येकी पडताळणी झाली आहे का, हे एकेक करून पाहावे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे, हेही पाहावे, कारण ३१ डिसेंबर २००७ या मुदतीत ते न मिळवलेल्या अनेकांच्या वेतनवाढी पुढे वादात सापडल्या. स्थायित्वाचे आदेश, भाषा परीक्षेतील सूट आणि लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्र यांच्या नोंदी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

वेतननिश्चिती चुकली म्हणून जादा दिलेल्या रकमेची वसुली निघाली, तर घाबरून लगेच संमती लिहून देऊ नये. कर्मचाऱ्याची कोणतीही लबाडी नसताना चुकून जास्त दिले गेलेले वेतन वर्ग ३ व ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून वसूल करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितले आहे. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम आल्यास परत करीन' असे हमीपत्र लिहून दिलेल्या अधिकाऱ्याकडून केलेली वसुली २०१६ च्या दुसऱ्या एका निकालात योग्य ठरली आहे. म्हणून आपल्या आई-वडिलांनी असे हमीपत्र दिले होते का, हे सेवापुस्तकात पाहून मगच सल्ला घ्यावा.

रजेचा हिशेब हा भाग शिक्षक स्वतःच दुर्लक्षित करतात. दीर्घ सुट्ट्या असल्याने शिक्षकांच्या खाती अर्जित रजा फारशी साठत नाही. तरीही सुट्टीच्या काळात शासकीय काम लावले गेले असेल, तर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा व्हायला हवी. उन्हाळ्यातील लोकसभा निवडणुकांची कामे आठवा, २०११ च्या जनगणनेची २०१० मधील घरयादी आठवा आणि त्या काळातील आदेश घरात शोधा. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण होते, त्यामुळे नोंद नसलेला प्रत्येक दिवस हे प्रत्यक्ष नुकसान आहे.

याच रजेच्या पानांत आम्हाला माझी नोंद सापडली. 'प्रसूती रजा', पासून, पर्यंत, आणि खाली गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही. आईने त्या ओळीवर बोट ठेवले आणि त्या वर्षी ती रोज किती चालून शाळेत जायची, रजा संपल्यावर मला कोणाकडे ठेवायची, दुपारच्या सुट्टीत शाळेतली कोणती मोठी मुलगी घरी पाहून यायची, हे सगळे सांगितले. मी ते प्रथमच ऐकत होते. सेवापुस्तक वाचताना आई-वडील असे काही सांगू लागले, तर कागद बाजूला ठेवून ऐका आणि जमल्यास फोनवर ध्वनिमुद्रित करा.

प्रस्ताव आणि त्यामागे लागणे

नियमांप्रमाणे निवृत्तिवेतनाची तयारी कार्यालयाने दोन वर्षे आधी सुरू करायची असते आणि प्रस्ताव निवृत्तीच्या सहा महिने आधी मंजुरीसाठी गेला पाहिजे. प्रत्यक्षात ज्याच्या घरचे माणूस विचारायला जाते त्याची फाइल पुढे सरकते. विचारणा नम्रपणे, पण लेखी करावी आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. आईची पिढी 'भाऊसाहेब, जरा बघा ना' एवढ्यावर थांबते. त्या लिपिकाकडे दोन-दोन टेबलांचे काम असते, हे मी पाहिले आहे, आणि म्हणूनच आवक क्रमांक असलेला कागद त्याच्याही सोयीचा असतो.

प्रस्तावासोबत पती-पत्नीचे संयुक्त छायाचित्र, नमुना स्वाक्षऱ्या, ओळखखुणा, कुटुंबाचा तपशील, नामनिर्देशन, बँक पासबुकाची प्रत, विभागीय चौकशी सुरू नसल्याचा दाखला आणि ना-देय प्रमाणपत्र लागते. यात नामनिर्देशनाकडे विशेष लक्ष द्या. आईचे नामनिर्देशन नोकरीला लागतानाचे, माझ्या आजोबांच्या नावाचे होते आणि आजोबा जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. कुटुंबाच्या तपशिलात दिव्यांग अपत्य असेल, तर त्याचे नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र याच वेळी नोंदवून घ्या. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पुढे हीच नोंद आधाराला येते. निवृत्तिवेतनाचे खाते जोडीदारासोबत संयुक्त ठेवणे हिताचे असते.

भविष्य निर्वाह निधीची वर्गणी निवृत्तीच्या आधी तीन महिने बंद होते. तत्पूर्वी खात्याच्या दरवर्षीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या एकापुढे एक मांडून आरंभीची आणि अखेरची शिल्लक जुळवा. सातव्या वेतन आयोगाची १ जानेवारी २०१६ पासून तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत याच खात्यात जमा व्हायची होती. पाचही हप्ते दिसतात का, हे पाहा. आईच्या खात्यात एक हप्ता दिसत नव्हता आणि तो शोधण्यात चार महिने गेले.

निवृत्तीच्या तारखेपर्यंत मंजुरी आली नाही, तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. ते आपोआप सुरू होईल, असे धरून बसू नये. त्यासाठी अर्ज करावा.

हाती येणारी रक्कम

वीस वर्षे किंवा त्याहून अधिक अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा असेल, तर निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे असते. मूळ वेतन ७०,००० रुपये असेल, तर निवृत्तिवेतन ३५,००० रुपये आणि त्यावर महागाई वाढ. यातील ४० टक्क्यांपर्यंत भाग अंशराशीकरण करून एकरकमी घेता येतो. ४० टक्के म्हणजे दरमहा १४,००० रुपये सोडले, तर त्याच्या आठ वर्षांच्या रकमेहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे १४ लाख रुपये हाती येतात, दरमहा २१,००० रुपये उरतात आणि महागाई वाढ मात्र पूर्ण ३५,००० रुपयांवर मिळत राहते. सोडलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही. घरावर कर्ज असेल किंवा मोठा खर्च समोर असेल, तर अंशराशीकरण उपयोगाचे आहे, हे माझे मत आहे. केवळ सगळे घेतात म्हणून घेऊ नये आणि निर्णय ज्यांचे निवृत्तिवेतन आहे त्यांनीच घ्यावा. उपदानाची (ग्रॅच्युइटीची) कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख रुपये झाली आहे. त्याआधी निवृत्त झालेल्या आईला जुनीच मर्यादा लागली.

शिक्षक पतसंस्थेचे कर्ज निवृत्तीआधी फेडण्याचे नियोजन सगळे करतात. पण आई-वडील कोणाकोणाला जामीन आहेत, हे विचारायचे राहून जाते. सहकाऱ्याच्या कर्जाला सही देणे ही शिक्षकांत माणुसकीची गोष्ट समजली जाते. आईने पाच जणांना सह्या दिल्या होत्या आणि त्यातील दोन कर्जे चालू होती. त्या दोघांना भेटून आम्ही जामीनदार बदलून घेतला. हे बोलणे आईला जड गेले, म्हणून ते मी केले.

एकरकमी पैसा आला की पहिले सहा महिने त्याला हात न लावलेला बरा, असे सांगितले जाते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी साठ वर्षांनंतर खाते उघडता येते, परंतु ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते उघडता येते. योजनेची कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेची मर्यादा एकट्याच्या नावे ९ लाख आणि संयुक्त खात्यास १५ लाख रुपये आहे. प्लॉट, जास्त व्याजाची पतसंस्था आणि नातेवाइकाचा धंदा यांपैकी कशालाही लगेच होकार देऊ नये. सेवेत असताना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती पुढे मिळेल, असेही गृहीत धरू नये. आरोग्य विमा निवृत्तीच्या आधीच घ्यावा, कारण असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ नोकरीत असतानाच सुरू झालेला चांगला. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण मधली बारा वर्षे मोठी आहेत.

दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो बँकेत सही करून किंवा जीवन प्रमाण या डिजिटल सोयीने देता येतो. पीपीओ (निवृत्तिवेतन प्रदान आदेश) क्रमांक आणि ओटीपी विचारणारा फोन आला, तर तो ठेवून द्यायचा, हे आई-वडिलांना एकदा नव्हे, अनेकदा सांगा.

पदभार

आई किंवा वडील मुख्याध्यापक असतील, तर शेवटच्या वर्षातील मोठे काम हेच असते. जनरल रजिस्टर, जडवस्तू नोंदवही, कॅशबुक, शालेय पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक, शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावरील सही, टॅब, प्रोजेक्टर आणि ग्रंथालयातील पुस्तके यांची यादी करून ती नव्या प्रभारींच्या सहीने द्यावी लागते. त्याशिवाय ना-देय प्रमाणपत्र मिळत नाही. वीस वर्षांपूर्वी मोडलेल्या बाकांचे निर्लेखन केलेले, म्हणजे ते नोंदीतून रीतसर कमी केलेले, नसेल, तर ते बाक आजही कागदावर उभे असतात. शाळेचे काम आपण करू नये, मात्र यादी टंकलिखित करून देणे आणि एखाद्या शनिवारी मोजणीला सोबत जाणे, एवढे आपल्याला करता येते.

निरोप आणि त्यानंतरचा जून

३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्या शिक्षकाची निवृत्ती उन्हाळी सुट्टीत येते. त्या दिवशी शाळा बंद असते, वर्ग रिकामे असतात आणि मुले मामाच्या गावाला गेलेली असतात. म्हणून मुलांबरोबरचा निरोप शाळा सुटण्याआधी व्हायला हवा, आणि सेवापूर्तीचा मोठा कार्यक्रम, म्हणजे मंडप, शाल-श्रीफळ, मानपत्र आणि जेवण, हवा असल्यास वेगळा ठेवावा. तो हवा आहे का, हे त्यांनाच विचारा. माझ्या आईने मंडप नको म्हटले आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुसरीच्या वर्गावर नेहमीचा तास घेतला. हातच्याची बेरीज शिकवली, वह्या तपासल्या आणि ज्याचे उत्तर चुकले होते त्याला पुन्हा फळ्यावर बोलावले. मी मागच्या बाकावर बसून ते पाहिले. कार्यक्रम करायचाच असेल, तर भाषणे कमी ठेवावीत आणि माजी विद्यार्थ्यांना त्यांच्याशी एकेकट्याने बोलायला वेळ द्यावा.

खरी निवृत्ती मात्र जूनच्या मध्यावर जाणवते. मे महिना त्यांना दरवर्षीसारखाच वाटतो, पापड, लोणची, लग्नकार्ये यांत तो जातो. शाळा उघडण्याच्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे साडेपाचला उठतात, पाऊस पडून गेलेला असतो, आळीतली मुले नवी दप्तरे घेऊन जाताना दिसतात आणि आपल्याला कोठेही जायचे नाही, हे प्रथमच कळते. हा दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा आणि शक्य असल्यास रजा काढून घरी राहा. 'आता मजेत आराम करा' असे वारंवार म्हणू नका. नातवंडे सांभाळण्याचे काम न विचारता त्यांच्या अंगावर टाकू नका, कारण चार दशके इतरांची मुले सांभाळून आलेल्या माणसाला याबाबतीत नाही म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. त्यांच्या सकाळच्या वेळेला निदान पहिल्या वर्षी तरी धक्का लावू नका.

शाळेत पुन्हा जाण्याची इच्छा त्या बोलून दाखवतील. पहिल्याच आठवड्यात जाणे टाळावे, असे मला वाटते, कारण नव्या शिक्षिकेला मुलांची ओळख करून घेण्यासाठी मोकळी जागा हवी असते आणि जुन्या बाई दारात दिसल्या की मुले त्यांच्याकडेच धावतात. आई ऑगस्टमध्ये गेली, तीही नव्या बाईंनी स्वतः फोन करून बोलावल्यावर. तिसरीत गेलेल्या त्या वर्गाने तिला वजाबाकी करून दाखवली.